देवाआधी काढलेला वाटा

प्रिय लाडक्यादादा,

तुझा खोकला कसा आहे? तिकडे तरी थांबला का? आईचे गुडघे? बा अजून जेवता जेवता पेंगतो का? आपली धाकटी बहीण सोनी तापात गेली होती, ती आता खेळते ना? मी बरी आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा रांगेत आहे. वहिनीची कंबर धरते, जीभ मात्र ठणठणीत! दिवाळीपासून आपल्याकडे जमीन हादरते. तुम्हांला वर काही कळतं का रे?

तू गेल्याला वर्ष होत आलं, पण मी लिहिलं नाही. काल तुझ्या घरी जेवून आले आणि मन इतकं भरलंय की तुला सांगितल्याशिवाय राहवेना. शिवाय तुझी एक माफी माझ्याकडे कधीची पडून आहे.

आठवतं ना? माझ्या सासरच्या पाड्यात लागोपाठ दोन पोरं तापाने गेली. भगताने तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि माझं नाव काढलं. भुताळी! ज्यांची बाळंतपणं मी केली त्यांनीच दारं लावली. नवऱ्याने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. तू चिखल तुडवत आलास आणि म्हणालास, "चल गो, बाय." एवढंच. आपला पाडाही मला घाबरत होता, म्हणून तू मला तलासरीला सिस्टरांच्या वसतिगृहात नेलंस. तिथे मला स्वयंपाकाचं काम मिळालं.

पहिल्याच दिवशी सिस्टरने वही उघडून विचारलं, "कोणाची कोण तू?" नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना. तुझं सांगावं तर बला तुझ्या दारात यायची. सिस्टर म्हणाली, "राहू दे. तू देवाची लेक आहेस, मला तेवढं पुरे."

दादा, भुताळी म्हटलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी भाकऱ्या थापताना रडले. कोणीतरी मला लेक म्हटलं होतं! लोक म्हणाले, जेठी लुगड्यासाठी ख्रिस्ती झाली. म्हणू देत. मी त्या एका शब्दासाठी बाप्तिस्मा घेतला.

पण उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याच वर्षी तू नवा तांदूळ घेऊन आलास. आपल्यात देवांना दाखवल्याशिवाय नव्या भाताचा दाणा कोणी तोंडात घालत नाही. तसा रीतीने दाखवलेला तांदूळ बारा कोस डोक्यावर आणून तू ओट्यावर ठेवलास. आणि मी काय म्हणाले? "तुझ्या देवांना दाखवलेलं मला चालत नाय." जशी काय मी मोठी संतीण! तू पाणी प्यालास, गाठोडं उचललंस आणि चालू लागलास. एक शिवी तरी हासडायचीस रे!

दुसऱ्या वर्षी तू पुन्हा दारात. "घे. हा वाटा देवाच्या आधी काढलाय."

"आधी? दादा, तुझे देव कोपले तर?"

"कोपले तर मी बघेन. घरातलेच हायेत ते. आणि तुझा देव तर बाप ना तुझा? मग एवढी काय भितेस त्याला?"

वहिनीने चार दिवस बोलणं टाकलं, हेही तू हसत सांगितलंस. पुढे तीस वर्षं तू तसाच वाटा काढत आलास. देवांचा कोप दर वर्षी स्वतःच्या डोक्यावर घेतलास आणि मी मजेत जेवले. पण 'चुकले' एवढा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.

यंदा दिवाळी सरली तरी गाठोडं आलं नाही. मी मनाशी म्हटलं, झालं, भावाबरोबर माहेरही गेलं. धर्म बदललेली, त्यात भुताळी म्हणून हाकललेली नणंद कोणाला हवी? दोन आठवडे कुढत बसले. मग एकदा प्रार्थनेत 'बापा' म्हणायला तोंड उघडलं आणि तुझंच बोलणं कानात आलं. एवढी काय भितेस? काल सकाळी एसटीने चारोटीला उतरले, तिथून टमटम, पुढे चालत.

वहिनी अंगणात भात उफणत होती. "आलीस? मला वाटलं, आता तुला हे घर कशाला!"

"मग वाटा का नाय पाठवलास?"

तिने सूप खाली ठेवलं. "काढलाय गो. देवाच्या आधीच काढलाय. पण तू त्याच्या हातचा खायचीस. माझ्या हातचा चालेल का, हे कोणाला विचारू?" आणि रडायलाच लागली.

बघ! दोघी आपापल्या दारात रुसून बसलो होतो.

ती माझा वाटा वेगळा शिजवायला निघाली. मी म्हटलं, "वेगळा नको. सगळ्यांच्या मडक्यात टाक."

"त्यातलं देवाला दाखवलंय, हां. मागून बोलशील."

"कळतंय मला. टाक."

सगळ्यांबरोबर बसले, क्रूसाची खूण केली, बापाचे आभार मानले आणि सुकटीच्या चटणीशी तीनदा भात घेतला. वहिनी म्हणाली, "म्हणे देवाची लेक! खाते तर भुतासारखी!" आणि तिने जीभ चावली. सून वाढायची थांबली. दादा, पहिल्यांदा मीच हसले. इतकी हसले की ठसका लागला! तो शब्द ऐकून आत काहीच दुखलं नाही. मी कोणाची आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. लेकरू कोणाच्याही ओट्यावर जेवलं म्हणून बापाला परकं होत नाही. हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

दादा, चुकले मी. ते गाठोडं परत पाठवायला नको होतं.

आता माझा शब्द घे: पुढच्या वर्षी मी कापणीलाच जाईन. विळा धरवला नाही तर पेंढ्या बांधेन, आणि वहिनीला हंगामात एकटी पडू देणार नाही.

उत्तर लवकर धाड. लिहिता येत नाही ही सबब सांगू नकोस. वसतिगृहातल्या पोरींच्या पाट्या बघून मी चाळिशीत अक्षरं गिरवली. तुला तर तिकडे वेळच वेळ आहे!

तुझी बाय,
जेठी
तलासरी