यशोदाबाईंच्या वजन केंद्राची निरवानिरव

मी, यशोदा यज्ञेश्वर पुराणिक, वय ७३, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब सोडल्यास प्रकृती ठीक आहे, डोके शाबूत आहे आणि मागे उभे राहून कोणी लिहवून घेत नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. वरचा मजला मुलगा सुबोध यास, खालचा मुलगी चेतना हिला. खालच्या पुढच्या खोलीत मी १९८८ ते २०१९ वजन घटवण्याचे केंद्र चालवले. ती खोली ठेवायची की मोडायची, यात सुबोधने पडू नये.

२. कमरेला पट्टा लावून हलवणारे यंत्र भंगारात द्यावे. बायका त्यावर थरथरत गप्पा मारत आणि तेवढ्याच वजनाच्या घरी जात. त्याआधी मी सर्वांना लिंबू-मध पाजले. नंतर कोबीचे सूप, मग डब्यातली पावडर, मग दिवसातून दोनदाच जेवण. प्रत्येक पद्धत मी तितक्याच खात्रीने सांगितली. सुबोध हल्ली डॉक्टरांच्या सल्ल्याने दर आठवड्याला वजन उतरवण्याचे इंजेक्शन घेतो. त्याला गुण आहे, माझी हरकत नाही.

३. वजनकाटा शरणम्माला. ती माझी पहिली गिऱ्हाईक. एकतीस वर्षांत दोन किलो उतरली. "बाई, काट्याचं ऱ्हाऊ द्या, हितं आलं की बरं वाटतंय," म्हणायची.

४. २००४ साली चेतनाला बघायला पाहुणे येणार होते. मी तिला सात दिवस कोबीच्या सूपावर ठेवले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढं अंधारी येतेय." मी म्हणाले, "दोनच दिवस राहिलेत." पोह्यांच्या बशा आणताना ती पाहुण्यांसमोर कोसळली. कपाळाला टाके पडले. मुलगी आजारी दिसते म्हणून नकार आला. तिने माझ्या नकळत उपवास धरला होता, असे मी नातेवाइकांना सांगितले. ते खोटे होते.

चेतना मंगळवेढ्याला शिक्षिका झाली. एकवीस वर्षे तिने या घरात पाण्याशिवाय काही घेतले नाही. २०१९ साली माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा ती रजा टाकून आली. भाकरी दुधात कुस्करून समोर ठेवली आणि म्हणाली, "अर्धी तरी खा." मी सगळी खाल्ली. केंद्र त्याच महिन्यात बंद केले. पाहुणे आले त्या दिवसाबद्दल मात्र बोलणे झाले नाही.

माझ्यामागे हे कलम सुबोधने सर्वांसमोर वाचावे, असे आधी लिहिले होते. गेल्या सोमवारी ते चेतनाला फोनवर ऐकवले. ती मग म्हणाली, "मेल्यावर कशाला? शनिवारी मी येते. काकांना बोलाव. तूच वाच."

काल माझे दीर अण्णाराव व इतर अकरा जण आले. मी वाचले. चेतना शेजारी बसून होती. वाचून झाल्यावर तिने सगळ्यांची पाने वाढली आणि माझ्या पंगतीला जेवायला बसली.

सबब ते वाचन झाले असे समजावे व सुबोधने फक्त वाटणी पाहावी.

सही: यशोदा यज्ञेश्वर पुराणिक

साक्षीदार:
१. जोतिराम बिरुदेव माने, शेजारी
२. डॉ. राजनंदिनी हत्तुरे, यांनी मला तपासून सही केली

सोलापूर, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५