वडाला टांगलेला नकाशा

उमापूर, कार्तिक वद्य पंचमी, बाजारचा दिवस, संध्याकाळ

आज बाजारात घडलं ते लिहून ठेवतो. आमच्या परराष्ट्र अभ्यास मंडळानं दोन वर्षं इंग्रज-जर्मन लढाईच्या बातम्या अभ्यासल्या, त्याही शाळेचं दार लावून. मी ते लोकांना सांगायचं म्हटलं, की आमचे अध्यक्ष गणपतराव देशमुख म्हणायचे, "हे बाजारात कावून नेता, मास्तर?" मला वाटायचं, मग दाराआडचं शहाणपण कुणासाठी?

बाजारात भाषणाला ठाण्यातून परवानगी मिळाली न्हाई. म्हणून आज मांजरपाटाच्या कापडावर काढलेला जगाचा नकाशा बाजारातल्या वडाला टांगला आणि खाली गप बसलो. लोक विचारत गेले, मी सांगत गेलो. आपला कापूस कुठं जातो, जहाजं कावून बुडतात.

तेवढ्यात ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे आमचे फौजदार, आले. "भाषण चालू हाय?"

"न्हाई साहेब. लोक इचारतात, तेवढंच सांगतो."

ते नकाशापाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, बसरा कुठं हाय? भाऊ हाय तिथं, फौजेत."

मी इराकातलं ते बंदर दाखवलं. त्यांनी तिथं बोट ठेवलं, लई वेळ. त्यांच्यामागं आपापल्या माणसाचा ठिकाणा बघायला रांग लागली होती, तीत गणपतरावही उभे होते.

फौजेत गेलेल्यांच्या घरच्यांची दिवसभरात इतकी बोटं टेकली, की बसऱ्यावर काळा डाग पडलाय. नकाशा धुवायचा न्हाई.