शिलावर्तुळाची ग्रामसफाई

प्रिय काजल,

जयभीम. केळझरला माहेरी पोचलीस हे रत्नदीपकडून कळलं. त्याचा, सख्ख्या नवऱ्याचाही फोन उचलत नाहीस आणि माझाही नाही, म्हणून लिहिते. पत्राला मध्येच तोडून "पण बाई" म्हणता येत नाही, ते एक बरं आहे.

मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर नागपूरला काय गेले, तू, गावची सरपंच, बचत गटाच्या बायका घेऊन शिलावर्तुळाला चुना मारलास! पुरातत्त्वचे साहेब पाहणीला येणार, म्हणून ग्रामसफाई. रायमुनियाची झुडपं तोडलीत, ठीक. पण आडवे पडलेले दगड सब्बलीनं उभे केलेत, मधल्या ढिगातले गोटे टोपल्यांनी बाहेर टाकलेत, आणि वर पांढरा चुना, खाली गेरूचा पट्टा, रस्त्याकडेच्या झाडांना मारतात तसा. साहेब गाडीतून उतरले आणि तिथेच थबकले. त्यांना वाटलं, चुकीच्या गावी आलो. आणि आपल्या भागीरथाबाई ब्रश हातात घेऊन म्हणतात, "साहेब, थांबा जरासे, अजून एक हात माराचा राह्यला." रत्नदीपनं हे फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यावर पट्टी होती. हसायचं की रडायचं कळेना, आणि डॉक्टरांनी दोन्ही मना केलं होतं.

काजल, ती जागा झाडून लख्ख करायची नसते. ते अंगण नाही, दफनाची जागा आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपलं माणूस तिथे ठेवलं, वर माती लोटली, गोटे रचले आणि भोवती हे अवाढव्य काळे दगड आणून गोल मांडले. त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. कुठला दगड कुठे पडलाय, कुठल्या थरात काय आहे, त्यावरूनच त्यांच्याबद्दल जे कळायचं ते कळतं. मी कॉलेजात असताना शेजारचं वर्तुळ खणलं, तेव्हा रोज सायकलनं जाऊन बघत बसायची. लोखंडी कुऱ्हाड निघाली, काळी-तांबडी मडकी निघाली, घोड्याच्या लगामाची कडी निघाली. ते मडकं डोक्याशी होतं की पायाशी, यावर खणणारी माणसं जेवण विसरून वाद घालायची. आणि तुम्ही गोटे टोपलीत भरून फेकलेत. एकदा मला विचारायचं! पट्टी डोळ्याला होती, कानाला नव्हती.

राग एकट्या तुझ्यावर नाही. "संरक्षित स्मारक" असा निळा फलक ठोकून गेलेली माणसं पुढे कित्येक वर्षं फिरकली नाहीत. फलक गंजला, त्याला लोकांनी बकऱ्या बांधल्या. रूपरावांनी दोन दगड ट्रॅक्टरनं ओढून नेऊन गोठ्याच्या पायरीला लावले, तेव्हा मी आर्वीच्या तहसीलला अर्ज दिला, वर्ध्याला दिला. कोणी आलं नाही. आता तेच रूपराव उपसरपंच म्हणून तक्रार करतात की सरपंचबाईनं वारसा नासवला. पानटपरीवर म्हणत होते, "बाईले चुन्याचा डबा दिला का गावच रंगवून टाकते." मी तिथूनच चालले होते. म्हटलं, "रूपराव, साहेबांना तुमचा गोठाही दाखवू का? पायरी फार छान आहे." सगळ्यांना एकदम कामं आठवली.

परवा साहेब जबाब घ्यायला आले. कोणी केलं, विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. खोटं मी बोलले नसते, हे तुला ठाऊक आहे. पण माझं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत भागीरथाबाई उठल्या. "माह्यंबी नाव लिहा. तिनं एकटीनं सब्बल मारली का?" मग अंजू उठली, मेघा उठली, मग सगळ्याच. रूपराव ओरडले, "ह्या काऊन मधात बोलून राह्यल्या?" साहेब नावं लिहीतच राहिले. गुन्हा दाखल होईल की नाही, अजून कळलेलं नाही. चुना काढायला त्यांची जाणकार माणसं येतील, तोवर पाण्याचा थेंबही टाकायचा नाही. गोट्यांची मांडणी मात्र गेली ती गेली. मी तुझी खोटी समजूत घालणार नाही.

आणि तू राजीनामा देऊन मोकळी झालीस. सोमवारच्या सभेत तो वाचला गेला की कारभार रूपरावांच्या हाती. शेताकडे जाणाऱ्या त्यांच्या रस्त्याचा मुरूम आताच वर्तुळाच्या काठाशी येऊन पडलाय. वाट सरळ काढायची तर पाच-सहा दगड हलवावे लागतील, असं ते उघड बोलतात. दोन वर्षं तो रस्ता तू अडवून धरलास, भर सभेत शिव्या खाऊन. या गावात त्या दगडांसाठी भांडलेली एकच सरपंच झाली, आणि तिनंच त्यांना चुना मारला. हे लिहिताना माझा किती जळफळाट होतोय, तुला कळायचं नाही. रविवारी रत्नदीप गाडी घेऊन येईल. मुकाट्यानं बस आणि सोमवारी राजीनामा स्वतः मागे घे. मला सरपंचाला समोर उभं करून रागवायचं आहे. माहेरी लपून बसलेल्या मुलीवर माझा राग फुकट जातोय.

तुझीच,
सुमित्राबाई