हिरवं दिसतं म्हणून

मोहाडी, घटस्थापना

प्रिय कैलाश,

पत्र पाहून दचकू नकोस. बाबा बरे आहेत, म्हणजे जसे होते तसेच आहेत. हातात फोन असताना ताईनं पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बोल ताई' म्हणतोस, मागे तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी बोलत असतं, आणि इकडे बाबा खाटेवरून माझ्या तोंडाकडे टक लावून असतात. मग मी म्हणते, सगळं बरं आहे. दोन वर्षं झाली, मी हे एकच वाक्य बोलते आहे. आज बाबांचा जेवणानंतर डोळा लागला, तेवढ्यात शिलाईच्या मशीनवर वही ठेवून बसले आहे. मशीनवर सत्यभामाबाईंचा ब्लाउज अर्धा पडलाय. पडू दे.

आधी तुझ्या झाडांचं सांगते. मागच्या डिसेंबरात तू बोन्साय करायला ज्युनिपरची दोन रोपं पाठवलीस. पेन्सिलीएवढं खोड, सुरूसारखा पाला. सोबत दोन पसरट कुंड्या, ॲल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं आणि एक छोटा कटर. बाबांच्या बोटांना काही बारीक उद्योग द्या, असं डॉक्टर म्हणाले होते ते तू लक्षात ठेवलंस. खरं सांगते, त्या दिवशी मला तुझं फार कौतुक वाटलं. चाळीस वर्षं मोटारींचं वायंडिंग केलेल्या माणसाला तू तारेचंच काम दिलंस. पण बाबांनी ती तार बोटात धरली, नखानं खरवडली आणि तोंड वाकडं केलं. 'बोगस,' म्हणाले. लकव्यानंतर त्यांच्याजवळ वीसेक शब्द उरलेत, त्यातला हा एक शाबूत आहे बघ. मोटारीत ॲल्युमिनियम भरणाऱ्याला ते चोरच समजत. मग मला त्यांच्या जुन्या दुकानातला तारेचा डबा काढायला लावला आणि तांब्याची तार निवडली. जुनीच, पण अस्सल.

त्यांचा उजवा हात कामातून गेलेला. म्हणून डावा हात त्यांचा आणि उजवा माझा, असं आम्ही बसलो. ते रोप धरायचे, मी तार फिरवायची. आणि फिरवली कशी? मोटारीची कॉइल भरतात तशी, वेढ्याला वेढा चिकटून, मधे केसाएवढी फट नाही. जरा ढिलं पडलं की बाबा 'अंहं' करायचे आणि मी पुन्हा उकलून घट्ट ओढायची. खोड पार दिसेनासं झालं. शेवटी त्यांनी डाव्या अंगठ्यानं जोर लावून ते एका दमात वाकवलं. कट् असा बारीक आवाज आला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही गप्प बसलो. बाबा किती दिवसांनी खूश होते, मी कायले बोलू?

ते झाड त्यांना दिसावं म्हणून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. रोज पाणी घालायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, झाड हिरवंगार. मी तुला फोटो पाठवले आठवतं? तू लिहिलंस, 'मस्त ताई, बाबा तर कलाकार निघाले!' तुझ्या रीनानं तिच्या मैत्रिणींना दाखवले म्हणे. शेजारच्या सत्यभामाबाई झाड बघायला आल्या आणि नेहमीसारखं मलाच म्हणून गेल्या, 'मोठी गुणाची हो पोट्टी, बापाची किती सेवा करून राहिली.' सेहेचाळीस वर्षांची पोट्टी! मार्चच्या शेवटी मी पाला पुसायला गेले तर तो वाळल्या गवतासारखा हाताला खरखरला. नखानं खोड जरा खरवडलं. आत ओल म्हणून नाही, काडेपेटीतली काडी जशी. मागाहून फोनवर व्हिडिओ पाहिले तेव्हा कळलं, हे झाड मेलं तरी दोन-दोन महिने हिरवंच राहतं. त्याला घरात ठेवायचंच नसतं, उघड्यावर ऊन-वारा लागतो. मी कुंडी लपवायला निघाले तर बाबा खाटेवरून म्हणाले, 'मेलं. कवाचंच.' त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे. मी रोज एवढ्या मायेनं पाणी घालते म्हणून ते बोलले नव्हते.

मग दुसरं रोप. त्याचं मात्र मी शिकून केलं. तुझीच बोगस तार घेतली, तिचं टोक आधी मातीत रोवलं, मग खोडावरून तिरपी, वेढ्या-वेढ्यात बोटभर जागा सोडत वर नेली. वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूनं लावायचे आणि एका दिवशी थोडंच वाकवायचं. आज एवढं, आठ दिवसांनी आणखी एवढं. पहिले चार दिवस बाबांनी तिकडे बघितलंही नाही, नंतर हळूच हात पुढे केला. उन्हाळाभर मी ती कुंडी अंगणात हिरव्या जाळीखाली ठेवली. पंचेचाळीस डिग्रीत दिवसातून तीनदा माती बोटानं तपासायची. तेवढ्यात बाबांना कुशीवर वळवायचं, कपडे बदलायचे, पेज भरवायची, पुन्हा कपडे बदलायचे. ते वजनदार आहेत, तुला ठाऊक आहे. माझ्या कमरेचं आता काही राहिलं नाही. आईच्या आजारपणातही मीच होते, तेव्हा मी तिशीची होते आणि पाच वर्षं कशी गेली ते कळलं नाही. आता दुपार जाता जात नाही.

श्रावणात पाऊस चांगला झाला. गावातले धानाचे रोवणे वेळेवर आटोपले आणि आपलं झाडही भराभर वाढलं. तार सालीत रुतायला लागली. अशा वेळी तार उलगडायची नसते, कटरनं जागच्या जागी तुकडे करून काढायची, नाहीतर फांदी मोडते. हे मी बाबांना दोनदा सांगितलं. पण तुला बाबा माहीत आहेत. जन्मात त्यांनी वीतभर तार वाया घालवली नाही, दुकान झाडतानाही तुकडे वेचून डब्यात टाकत. मी चुलीवरचं पाणी आणायला आत गेले आणि येऊन बघते तर एका हातानं तार उलगडताहेत. माझ्या डोळ्यांसमोर फांदी मोडली. सगळ्यात चांगली, डावीकडची, चार महिने हळूहळू खाली आणलेली.

कैलाश, आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी बाबांवर हात उगारला. मारला नाही. पण उगारला, आणि तो हात वर किती वेळ राहिला ते मला माहीत नाही. बाबांनी डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. ज्या माणसानं आपल्याला कधी टपली मारली नाही, तो माणूस माझ्यापासून तोंड झाकत होता. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नंतर बाबांना भात भरवला. ते मुकाट्यानं जेवले, पण घास जवळ नेला की डोळे मिटून घेत. दोन दिवस असं चाललं.

आठ दिवसांमागे दुपारी त्यांना खुर्चीत बसवून मी अंगणात जरा भिंतीला टेकले. टेकले ती झोपलेच. सुगीत शिणलेला बैल झोपत नसेल तशी झोपले. जाग आली तेव्हा ऊन छपराच्या कवेलूंवरून उतरलं होतं. चुलीवरचा भात करपून कोळसा झाला होता. बाबा खुर्चीतच होते, धोतर ओलं, सकाळपासून पोटात फक्त चहा. हाक मारली असती तर मी उठले असते. मारली नाही. मांडीवर ती कुंडी होती आणि डाव्या हातात कटर. फांदी मोडल्यापासून मी त्या तारेला हात लावला नव्हता, ती उरलेली सगळी तार त्यांनी कापली होती. गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे, पायाशी, मांडीवर, सगळीकडे पडलेले. झाडावर तारेचा एक वेढा शिल्लक नाही आणि सालीला कटरचा कुठे ओरखडा नाही. मी धावत गेले, तर म्हणाले, 'झोप. अजून झोप.' मग बराच वेळ ओठ हलवत राहिले आणि एक-एक शब्द ओढून काढला, 'कैलाशले... लिही.' दोन वर्षांत त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पवनीला रुखमामावशीकडे जाते आहे, दोन महिन्यांसाठी. तिनं माझ्यासाठी खाट टाकून ठेवली आहे. तू त्याआधी ये. मी बरीच कारणं शोधली. मला एखादी गाठ निघाली असती, ऑपरेशन असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आला असतास, मला खात्री आहे. तशी गाठ असावी असंही एकदा वाटून गेलं, इतकी मी बहकले. पण मला काही झालेलं नाही रे. नोकरी लागली नाही, कोणी माणूस भेटला नाही. मी थकले आहे, एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे असं मी आता ठरवलं आहे. तुझं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं असं रीना म्हणत होती, तर खाटेजवळच टेबल टाकून देईन. बाबांना कसं उचलायचं ते एक दिवस दाखवीन, बाकी ते स्वतःच तुला 'अंहं' करून शिकवतील. झाड अंगणात आहे, एका बाजूनं जरा उघडं दिसतं, पण जगलंय. त्याला पाणी घालायच्या आधी माती बोटानं बघत जा आणि अधूनमधून एखाद्या बारीक फांदीला नख लावून बघ, हिरवं दिसतं म्हणून सोडून देऊ नकोस. पत्र मिळालं की फोन करू नकोस, सरळ निघून ये. फोन केलास तर मी पुन्हा सगळं बरं आहे असंच म्हणेन.

तुझीच,
दामिनीताई