साफ केलं की बंद पडतं

सोमवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस छान गेला. दवाखाना मामांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि पेशंटच्या खुर्च्या. आतल्या खोलीत मॅडम कान तपासतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कानाची मशीनं बसवून देतात. मशीन नुसतं कानात घालून भागत नाही, ज्याच्या त्याच्या बहिरेपणाप्रमाणे ते कॉम्प्युटरला जोडून जुळवावं लागतं. जुळवायचं काम मॅडमचं. पेशंटचं नाव पुकारणं (मोठ्यांदा, मग आणखी मोठ्यांदा) आणि त्यांची वापरातली मशीनं पुसून देणं हे माझं. पुसताना बारीक भोकातून कानातला मळ निघतो, मोहरीएवढ्या गोळ्या, कधी केसासकट. दुपारी मला जेवण गेलं नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, आठवडाभरात याच हातांनी बिस्किटं खाशील.

घरी आले तर मामा दारातच वाट बघत उभे. त्यांची सगळी नोकरी बसच्या इंजिनाशेजारी बसून गेली, दोन्ही कान कामातून गेलेत. मामी गेल्यापासून तर घरात बोलणंच नाही. लहानपणी मी सारखी गुणगुणायचे म्हणून त्यांनीच मला भुंगी हे नाव ठेवलं. आता मी त्यांच्या मागे उभी राहून गुणगुणले तरी त्यांना पत्ता नसतो. मॅडमनी त्यांना मशीन बसवून द्यायचं कबूल केलंय. मी ही नोकरी धरली ती खरं तर त्यासाठीच.

बुधवार, ६ फेब्रुवारी

आतला कॉम्प्युटर आज सुरू होईना. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर चिन्ह येतं, त्याच्याखाली ठिपके गोल फिरायला लागतात आणि खट्. सगळं काळं. मग आपोआप पहिल्यापासून.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चेहऱ्यावर कायम झोप. त्याच्याकडे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध असल्यामुळे मी त्याचं नाव रीस्टार्टभाऊ ठेवलंय. इथे रीस्टार्ट हेच दुखणं आहे म्हटल्यावर स्वारी जरा गांगरली. त्याने प्रिंटर, माउस, एकेक वायर काढून पाहिली. फरक नाही. मग कॅबिनेट उघडलं. मला वाटलं होतं, आत धूळ असेल. धूळ नव्हती. मेमरीच्या पट्ट्या बसतात त्या फटींत मधाच्या रंगाचं काहीतरी चिकट साचलं होतं. दमट हवा, असं म्हणून त्याने पट्ट्या काढल्या, खोडरबरने घासल्या, सगळं स्पिरिटने पुसलं. झालं उलटंच. आधी निदान ठिपक्यांपर्यंत जायचा, आता चिन्हही येत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

रीस्टार्टभाऊने वीजपुरवठ्याचा डबा बदलला. हार्ड डिस्क काढून दुसरी लावली. तरी तेच. पण मला लिहायचंय ते वेगळंच. आज कॅबिनेट उघडलं तेव्हा पुसलेल्या जागी ते चिकट परत आलं होतं, पहिल्यापेक्षा जास्त, आणि त्यात बारीक केस होते. वास ओळखीचा. मशीनं पुसताना माझ्या बोटांना येतो तोच.

मॅडमनी कान साफ करायच्या सळईवर थोडं घेतलं, दिव्याखाली धरलं आणि शांतपणे म्हणाल्या की हा कानातला मळ आहे. माणसाच्या. कातडीचे पापुद्रेही आहेत त्यात. मग मला विचारलं, मशीनं पुसलेला कापूस तू इथे टाकतेस का? मला इतका राग आला की तशीच निघाले. घरी येऊन हात धुतले. साबण अर्धा संपला असेल.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

रीस्टार्टभाऊला मर्म सापडलं. काल त्याने कंटाळून न पुसताच बटण दाबलं, तर कॉम्प्युटर बराच पुढे गेला. म्हणून आज त्याने मला करून दाखवलं. एक फट पुसली, चिन्हावर थांबला. दोन्ही पुसल्या, पडदाच उजळला नाही. मग त्याने कापसावरचं ते काडीने परत फटीत लिंपलं. कॉम्प्युटर पार शेवटपर्यंत सुरू झाला.

“साफ केलं की बंद पडतं,” तो म्हणाला. हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, मग करू नका साफ. पेशंट खोळंबलेत. कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून टाकली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आज मामांना मशीनं बसली. मॅडमनी ती कॉम्प्युटरला जोडून नीट जुळवली. मी मामांच्या मागे उभी राहून गुणगुणले. ते वळले. माझा हात धरून नुसते बसून राहिले. घरी येताना रस्ताभर मला सांगत होते, ही सायकल, हा कुत्रा, ही कुणाची तरी चप्पल घासतेय. मळाबिळाचं सगळं मी माफ केलं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मामा म्हणतात, मशीनमध्ये कुणीतरी खातंय. आधी मी हसले. त्यांनी नीट सांगितलं. चावत नाही, चाटतंय. ताटाला काही उरलं नाही तरी माणूस बोट फिरवत राहतो, तसं.

टॉर्च लावून त्यांच्या कानात पाहिलं. मळाचा कण नाही. आत सगळं गुलाबी, ओलं, चकचकीत. लाळेसारखं ओलं.

दवाखान्यातही आता कुणाच्याच मशीनमधून मळ निघत नाही. पुसायला काही उरतच नाही. एक निवृत्त मास्तरीणबाई येतात, त्याही चाटण्याचंच म्हणाल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्या फाइल चाळत राहिल्या.

बुधवार, २० फेब्रुवारी

कॉम्प्युटर मी बटणापर्यंत हात नेला की सुरू होतो. कॅबिनेट कोमट लागतं. चिकटपट्टीखालून ते ओघळून टेबलावर आलंय. मधाचा रंग गेला. आता त्यात लाल रेघा आहेत.

मामांच्या उशीवर तसाच डाग. मशीनं काढू देत नाहीत. आज ते जेवत असताना मी हळूच एक ओढलं. निघालं, पण मागे तार आली. लाळेची असते तशी, लांब, तुटेना. मामा ओरडले नाहीत. घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले, मग मशीन हातातून काढून घेतलं आणि परत बसवलं. आत जाताना आवाज आला. ओल्या फळात बोट घातल्यासारखा.

मी मोरीत जाऊन ओकले.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मॅडम आल्या नाहीत. त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. दोन्ही कानांत मशीनं. त्यांचे कान तर ठणठणीत आहेत — मी विचारलं, हे कशाला. म्हणाल्या, सवय लागली. आतून छान साफ होतं.

गालावर ओघळ होता. तो त्यांनी पुसला नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी, सकाळ

साफ केलं की बंद पडतं, तर पडू दे कायमचं, म्हणून रीस्टार्टभाऊला दवाखान्यात बोलावून घेतलं. तो आला, त्याचे उपकार. मामांना बरोबर आणलंय, घरी एकटं कसं ठेवू. पेशंटच्या खुर्चीत बसलेत. कानांत मशीनं तशीच. आम्ही कॅबिनेट उघडून सगळं खरवडून काढतोय. आत कुठे पट्ट्या, कुठे पंखा, कळत नाही. लगदा आहे. गरम आहे. बादलीत टाकतोय.

त्याच दिवशी

साफ झालं. स्पिरिटनेही पुसलं. पडदा काळा. सुटलो म्हटलं. मागे वळले तर मामांची मान छातीवर.

पंखा आपोआप फिरला. मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून ओठ हलवले. खट् — पडदा गेला — मान पडली.

परत पंखा. परत डोळे. परत ओठ. खट्.

प्लग काढला. श्वास थांबला. मामांचा. प्लग घातला.

रीस्टार्टभाऊ डॉक्टर आणायला पळालाय. जिन्यात ओकल्याचा आवाज आला.

हातांना काहीतरी हवं म्हणून लिहितेय.

मला माहीत आहे काय करायचं. त्यानेच दाखवलं होतं.

बादलीतलं मुठीने घेतलं. काडी नाही, बोटांनीच. फटीत दाबलं. नखांत गेलं. पंखा. मामा म्हणाले, “भुंगे —” खट्.

आणखी दाबलं. चिन्ह आलं. “भुंगे, आणखी —” खट्.

आणखी मागताहेत. घालते. मामा, घालते, थांबा.

पुसल्यावर स्पिरिट बादलीतच पिळलं होतं, त्यामुळे उरलेलं पाण्यासारखं झालंय. चिकटत नाही. ओघळून जातंय. “भुंगे, आणखी —” खट्. “भुंगे, आणखी —” खट्. दर वेळी डोळे माझ्यावर. दर वेळी तिथेच —

मॅडमची सळई ट्रेमध्ये आहे. माझे कान आहेत.

निघालं थोडं. पिवळं. लावलं. ठिपके फिरले. “भुंगे, आणखी घा —” खट्.

हो मामा. आणखी खोल घातली. दुखतंय. उजव्या कानाने ऐकू येईना. लाल आलं. लावलं.

ठिपके फिरताहेत. अजून फिरताहेत. मामा उठून उभे राहिले. माझा हात धरायला येताहेत. म्हणताहेत भुंगे, आणखी घालू न