मांडवगणच्या आठ टांगत्या टोपल्या

१५ मार्च १९६२, गुरुवार
मांडवगण फराट्याचे आबा आले होते. त्यांच्या सायकलचं फ्रीव्हील बदललं. बाकावर बसायचं सोडून दुकानापुढच्या पत्र्याखाली मान वर करून उभे. तिथे माझी टांगती टोपली आहे. दुकानाचं तोंड पश्चिमेला, दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन थेट. चार वर्षांत त्या एका आकड्यावर काय काय मेलं ते मागच्या वहीत आहे (मनीप्लांट ९ दिवस, नेचा ४). टिकला फक्त चिनी गुलाब.
आबा : "उस्मान, ह्या उन्हात हे जगतंय कसं?"
म्हटलं, पान चावून बघा. आत पाणी साठवतं.
त्यांनी खरंच चावलं. "आरं, ही तर घोळीची भाजी."
"घोळीची चुलत बहीण. पण शिकलेली."
सोसायटीची नवी इमारत झाली आहे, तिचा व्हरांडा पश्चिमेला. अक्षय्य तृतीयेला, ७ मे रोजी उद्घाटन. पाहुणे पुण्याहून. आबा चेअरमन. म्हणाले, "आठ कमानी हायत. आठ टोपल्या फुललेल्या टांगून दाखीव. वैशाखात. मग तुला मानलं."
बरोबर सोसायटीचे सेक्रेटरी होते. राहतात शिरूरलाच, रोज एस.टी.ने मांडवगणला जातात. ते म्हणाले, "आबा, वैशाखात तिथं माणूस तग धरत नाही. मी पुण्याहून कागदी फुलं आणून ठेवतो."
आबा : "आण. मिस्त्रीची वाळली तर तुझी लावू."
शब्द दिला. आता कागदाशी सामना.

१९ मार्च
आठही डबे तयार. वनस्पती तुपाचे गोल डबे, अर्धे कापून कड आत वळवली. टांगायला सायकलचे स्पोक, डब्याला तीन-तीन, मोजून कापलेले, सूतभरही फरक नाही. बुडाला भोकं पाडण्याआधी टांगून काठोकाठ पाणी भरलं, चारी बाजूंनी एकदम सांडलं. लेव्हल ती ही. नंतर सात-सात भोकं.
रंग : काळा एनॅमल, दोन हात. मध्ये एक दिवस वाळवून पॉलिश कागद. वर सोनेरी रेघ, सायकलच्या दांडीला मारतो तशीच, एका श्वासात. शिरूरमध्ये ही रेघ दुसरा कोणी मारून दाखवावी.
शेजारचा चहावाला तुकाराम बघून गेला. "मिस्त्री, ह्याला घंटी कुठं बसवणार?"

२१ मार्च
माती : घोडनदीचा पोयटा २ घमेली, वाळू १, जुनं शेणखत १, राख दोन ओंजळी. चाळून. चिनी गुलाबाची (चि.गु.) छाटं चार-चार बोटं, डब्याला नऊ. तांबडा, पिवळा, पांढरा, गुलाबी. सगळे दुकानापुढे एका बांबूवर टांगले. तिथलं ऊन सोसलं तर मां.चं सोसतील.
घरी हमीदाने विचारलं, आपल्या दाराला एखादा? म्हटलं अक्षय्य तृतीयेनंतर. ती म्हणाली, "अच्छा. पहले गाँव, बाद में घर."

३१ मार्च
छाटं लागली. दोन डब्यांत कळी. तुकारामाची गिऱ्हाइकं चहा घेऊन डब्यांखाली उभी राहतात, त्यामुळे त्याचाही सूर बदलला आहे.

७ एप्रिल
डबा ३ आणि ५ माना टाकतायत. पाणी जास्त? कमी केलं.

९ एप्रिल
आता १, ३, ५, ६. पाणी कमी? वाढवलं. जुनी टोपली, जिच्यावर आबा भुलले, ती शेजारीच त्याच उन्हात टवटवीत. तीच माती, तेच पाणी, तोच हात. मग हे आठच का.
खतात हुमणी असेल. एक डबा उपसून पाहिला. नाही.

१० एप्रिल
सेक्रेटरी येऊन गेले. ब्रेकचे रबर. डब्यांकडे बघून, "कागदी फुलांची पेटी आलीय पुण्याहून. चांगली आहेत हो. लांबून कळत नाही." रबर बसवून दिले. दोन्ही बाजू सारख्या. रागात काम बिघडवायचं नाही हा नियम.

११ एप्रिल
आजचं लिहायला जड जातंय, पण वही खोटी नको.
हमीदा दुपारी डबा घेऊन आली. अडीच वाजले असतील. जेवणाचा डबा ठेवला, टांगलेल्या एका डब्याला बोट लावलं आणि झटकन काढलं. मग तांब्यातलं पाणी बोटांनी त्याच्यावर शिंपडलं, तवा तापला का बघतात तसं. थेंब बघता बघता उडाला.
"हात लगाके देखो जी. इसपे रोटी हो जायेगी."
म्हटलं, पत्रा आहे, तापणारच.
"पुरानेवाले पे लगाओ."
लावला. जुनी टोपली कोमट. तिला रंग कधी मारलाच नाही, काथ्याचं जाळं आहे ते.
ती गेल्यावर डबा ३ उपटला. पश्चिमेच्या अंगाची मुळं तपकिरी, शिजल्यासारखी, बोटाने सालपट निघालं. पूर्वेच्या अंगाची पांढरी, धड. काळ्या रंगाने भाजली. माझ्या दोन हातांनी. पॉलिश कागद मारून.
वीस वर्षं सायकली काळ्या रंगवतोय. हातात दुसरा रंग येतच नाही.
तुकारामाला कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी : "मिस्त्री, वांगं भाजायला टाकू का एक?"

१२ एप्रिल
पंचवीस दिवस उरले. छाटापासून फुलापर्यंत वीस-बावीस लागतात. म्हणजे आज नाहीतर नाही.
सकाळी कळीचा चुना भिजवला, त्यात थोडा डिंक. आठही डबे पांढरे. सोनेरी रेघेवरून पहिला हात फिरवताना थांबलो होतो. मग फिरवला. दोन हातांतही रेघ पुसट दिसत होती, तिसरा मारला.
आतून गोणपाटाचं अस्तर, दुहेरी, म्हणजे मातीचा पत्र्याला स्पर्श नाही. जुन्या टोपलीची छाटं काढून पुन्हा नऊ-नऊ. ती बोडकी झाली बिचारी.
हमीदाने अस्तर शिवलं. टाके माझ्यापेक्षा सरळ. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, लिहून ठेवा. ठेवलं.

२० एप्रिल
सगळी लागली. दुपारी अडीचला डब्याला हात : सोसवतो. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर पाणी, मध्ये थेंब नाही.
आबांना पत्र टाकलं : चि.गु. सकाळी दहाच्या सुमारास उमलतो, दोनपर्यंत मिटतो. उद्घाटन दहा ते बारा या वेळातच ठेवावे. "च"खाली रेघ ओढली.

२५ एप्रिल
आबांचं कार्ड. "साडेदहा ठरले. पाहुण्यांना कळविले. सेक्रेटरी पेटी उघडून बसला आहे, लवकर ये."

३ मे
पहिलं फूल, डबा ५, पिवळं. दहा वाजून बारा मिनिटांनी. हमीदाला बोलावून दाखवलं. "एकच?" म्हणाली. मग बराच वेळ बघत उभी होती.

६ मे
शंभरावर कळ्या मोजल्या, मग सोडून दिलं. मां.कडे परत जाणारा कांद्याचा रिकामा ट्रक मिळाला. आडवा बांबू बांधून डबे टांगले, खाली मी बसलो. खड्डा आला की दोन्ही हातांनी चार-चार डबे धरायचे. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, पोरं नेताय का झाडं?" एकही देठ तुटला नाही. मुक्काम आबांकडे.

७ मे, अक्षय्य तृतीया
सविस्तर लिहितो.
सहाला आठही कमानींत टांगल्या. उंची गजाने मोजून. दहाला फुलं उघडायला लागली. साडेदहाला आठही डबे भरून, तांबडं पिवळं गुलाबी कडेवरून ओघळलेलं, मागे नव्या चुन्याची भिंत. गावातल्या बाया लेकरांना घेऊन बघायला आल्या. एका म्हातारीने नमस्कार केला. टोपलीला की इमारतीला, माहीत नाही.
पाहुणे आले नाहीत.
अकरा. बारा. जीप वाटेत कुठे बंद पडल्याचा निरोप. दीडला पाकळ्या आक्रसायला लागल्या. अडीचला सगळं मिटलं, आठ डबे नुसती हिरवी पानं आणि वर सुरळ्या, काडेपेटीच्या विझलेल्या काड्यांसारख्या.
सेक्रेटरी पेटी घेऊन आले. तार, कात्री सगळी तयारी. "मिस्त्री, राग मानू नका. टोपल्या तुमच्याच, वर चार-चार कागदी खोचतो. पाहुण्यांना काय कळतंय."
म्हटलं, मग टोपल्या उतरवतो. रिकाम्या कमानींत कागदी लावा.
आवाज चढला असेल माझा. आबा खुर्चीतून उठून आले. एकदा टोपल्यांकडे बघितलं, एकदा पेटीकडे.
"राहू दे रं सेक्रेटरी. झोपल्याली फुलं जागी कराया तू कोण."
पेटी बंद.
साडेचारला पाहुणे. फीत कापली. व्हरांड्यात वर बघून म्हणाले, "हे कसलं गवत टांगलंय, आबासाहेब?"
आबा : "गवत न्हाई साहेब, फुलं हायती. दहाला उघडत्यात, दोनला मिटत्यात. सकाळी सगळ्या गावानं बघितली. तुमास्नीच उशीर झाला."
पाहुणे खो खो हसले. आबांनी पुढे जोडलं, "आमच्या हापिसानं बी यांच्याकडनं शिकावं. दहाला उघडावं."
आता सगळेच हसले. सेक्रेटरी सोडून. त्यांची एस.टी. अकराला पोचते.

९ मे
हमीदाच्या दाराला टोपली. पांढरी. शब्द दिला होता. तिने उंची दोनदा बदलायला लावली.

१६ मे
ईद छान झाली. आबांचं कार्ड. टोपल्या ठीक, शिपाई दोन वेळा पाणी घालतो. पण सेक्रेटरींनी लेखी दिलं आहे : पाणी ठिबकून सभासदांच्या अंगावर पडते, फरशीला डाग पडतात, सबब टोपल्या उतरवाव्यात. २४ तारखेला मीटिंगमध्ये ठरणार. "मी एकटा ठरवू शकत नाही, पंच आहेत," असं आबा लिहितात.
ठिबकतं हे खरं आहे. सात भोकं माझीच. पण भोकं नसती तर आत कुजली असती.
उतरवून उन्हाबाहेर ठेवली तर आठ दिवसांत फुलणं बंद. हे पंचांना कोण सांगणार.

२० मे, रविवार
सकाळी साडेनऊला सेक्रेटरी सायकल हातात धरून. "मागचं चाक बसलंय. पंक्चर बघा."
टायर उतरवला. ट्यूबमध्ये हवा भरून टबात पूर्ण फिरवली. एक बुडबुडा नाही. उलट फिरवली. नाही. वॉल्व्ह बघितला, धड.
वर पाहिलं तर सेक्रेटरी बाकावर, तोंड माझ्या जुन्या टोपलीकडे. ती आता पुन्हा भरली आहे. तुकारामाने चहा आणून दिला. दहा वाजून गेले तसं पहिलं उघडलं, मग दुसरं. चहा तसाच निवला. चांगला पाऊण तास गेला.
पंक्चर नाही हे मी सांगितलं नाही. ट्यूब कानशीने थोडी घासली, पुसली, टायर चढवला. असलं खोटं काम वीस वर्षांत पहिल्यांदा केलं. म्हटलं, झालं.
सायकल घेऊन दोन पावलं गेले, थांबले. पाठमोरेच. "ते ठिबकणं... खाली ताटली टांगता येईल?"
"येईल. स्पोकलाच."
"केवढी?"
"नऊ इंच. कड अर्धा इंच."
"गुरुवारी मीटिंग आहे," म्हणाले, आणि गेले.
ताटल्यांचा पत्रा काढून ठेवला आहे. आखलाही आहे, आठ वर्तुळं. कात्री लावली नाही.