किल्लीच्या भोकातलं घर

५ एप्रिल

खिडकी उघडी राहिली आणि माशी आत आली. लावली होती मी, दोनदा बघितली होती. टिकलीने उघडली असणार. सात वर्षांची नात, तिला कोंदट होतं म्हणे.

माशी काळी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी. मुलाच्या कपाटाभोवती फिरत होती. डसली तर सूज येते, सूज गळ्यापर्यंत चढते. टॉवेल घेऊन उभा राहिलो.

"आबा, ती कुंभारीण आहे," टिकली म्हणाली. "ती आपल्या नादात आहे, तू आपल्या नादात राहा."

बापाचं बोलणं. तसंच्या तसं.

६ एप्रिल

माशी कपाटाच्या किल्लीच्या भोकात चिखल आणून लावतेय. कुलूप माझ्या हातचं. शाळा चौथीपर्यंत, मग चाळीस वर्षं कुलपांच्या दुकानात. मुलगा गेल्याला आठ महिने झाले, कपाट तेव्हापासून बंद. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असते. आहे का ते रोज बघतो. असते.

७ एप्रिल

टिकली स्टूल टाकून कपाटासमोर. मलाही शेजारी बसवलं. माशी हिरवी अळी घेऊन आली, जवळजवळ स्वतःएवढी. भोकात कोंबली. मी म्हटलं, मेलेली दिसते.

"मेलेली नाही. डंख मारून सुन्न केलीय. म्हणजे नासत नाही. आतलं बाळ अंड्यातून निघालं की खाईल. बाबाने सांगितलं होतं."

"तिला कळत असेल का?"

"कुणाला?"

"अळीला."

ते टिकलीला माहीत नव्हतं. बाबाला विचारायचं राहिलं, म्हणाली.

पाच अळ्या आत गेल्या. मग भोक लिंपून बंद.

१० एप्रिल

सून लॅबमधून आली, चपला काढायच्या आत बोलायला लागली. तिच्या भावाने त्याच्या गावी तिच्यासाठी नोकरी बघितलीय. टिकलीला तिथल्या शाळेत घालायचं. प्रवेशाची शेवटची तारीख तीस. जन्माचा दाखला लागतो — तो कपाटात.

"इथे राहून काय होणार, आबा? घरात तीन माणसं आणि तिघंही भिंतीकडे बघत बसतात."

खोटं नाही.

तार घेऊन उठलो. सुका चिखल उकरायला मला मिनिट लागत नाही. टिकली कपाटाला पाठ लावून उभी राहिली. आत बाळ आहे, म्हणाली.

"टिकले, बाजूला हो."

"बाबाने कधी कुणाचं घर पाडलंय? सांग ना, आई. पाडलंय?"

सुनेने टिकलीच्या खांद्यावरून भोकाकडे बघितलं. मग विचारलं, "किती दिवस लागतात त्याला?"

"तीन आठवडे. चारसुद्धा."

तार डब्यात परत ठेवली. टिकली गेली तर या घरात मी आणि किल्ली. हे कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

११ एप्रिल

वही कुणी वाचत नाही, तर लिहून टाकतो. कपाटाच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. दोन खिळे. खालून ठोकून वर काढले की दार हातात येतं. भोकाला धक्का नाही, आतल्या बाळाला पत्ता नाही. दहा मिनिटांचं काम.

सांगितलं नाही.

१५ एप्रिल

सून म्हणाली, टिकलीला खोलीत कोंडून ठेवू नका. तिच्या बापाला न्यायचात ना फिरायला.

न्यायचो. सुटीच्या दिवशी दुसरं काही सुचायचं नाही म्हणून नाल्याच्या बांधावर जाऊन बसायचो. तो पालथा पडून मुंग्या बघायचा. मी, पोरगं नाल्यात पडेल म्हणून, त्याच्या चड्डीचा पट्टा धरून. एवढंच. मी काय शिकवणार? मला मुंगी म्हणजे मुंगी. पण तो सुनेला सांगायचा म्हणे, बघत बसण्यातली मजा मला वडिलांनी शिकवली.

ऐकलं. जेवलो. ताट घासून ठेवलं.

१६ एप्रिल

बांधावर गेलो. टोप्या, पाणी, मलम, पट्टी, काठी, आणखी एक काठी.

"आबा, आपण तिकडे राहायला चाललोय का?" टिकलीने विचारलं.

कुंभारीण चिखल कुठून आणते ते शोधायचं होतं. बांधाच्या टोकाला नळ गळतो, त्याच्याखाली सापडलं. तीन-चार कुंभारणी ओल्या मातीच्या गोळ्या वळत होत्या, बूड वर करून. टिकली पालथी पडली. चिखलात. म्हटलं, सर्दी होईल. म्हटलं, साप असतात. ती म्हणाली, "श्श, त्या मोजमाप करतायत."

घरी निघताना लक्षात आलं — सगळा वेळ मी तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून बसलो होतो.

२० एप्रिल

रोज बांध. आज गुडघा दुखला. दुखला ते कळलं, बऱ्याच दिवसांनी.

२२ एप्रिल

सून भावाशी फोनवर बोलत होती. बाहेर जाऊन, दार ओढून घेऊन. परत आली तेव्हा डोळे लाल. दाखल्याची नक्कल मागवत असेल. कचेरीत चार-पाच दिवसांत मिळते. मग माशी काय आणि बिजागरी काय.

२५ एप्रिल

"आबा, मी गेल्यावर बाळ बाहेर आलं तर तू बघशील ना? नुसतं हो म्हणू नको."

"बघेन."

"खिडकी उघडी ठेवावी लागेल. नाहीतर ते काचेवर आपटून मरेल."

"डास येतात गं."

"आबा."

"ठेवीन."

३० एप्रिल

तीस तारीख. सून नेहमीसारखी डबा घेऊन कामावर गेली. गॅसचं बटण चार वेळा बघितलं.

४ मे

सकाळी चिखलात गोल छिद्र. आतून काहीतरी कुरतडत होतं. टिकली ओरडली नाही, माझं बोट धरून उभी राहिली. आधी डोकं आलं, मग ती दोऱ्याएवढी कंबर. चौकटीवर बसून पंख सुकवले. खिडकीतून गेली. मागे वळून वगैरे नाही.

सून मागे येऊन उभी होती, मला माहीत नव्हतं.

"आता उघडतं?"

"उघडतं."

उरलेली माती फुंकून काढली. किल्ली खिळ्यावरून काढून तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला नाही. डबा भरायचाय, म्हणाली.

५ मे

सून भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बिजागऱ्या बाहेरून आहेत, आबा. मी पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. भावाला बावीस तारखेलाच नाही म्हणून कळवलंय."

किल्ली माझ्या खिशात आहे. खिडकी उघडी आहे. उठून लावावी असं वाटत नाही.